चित्राची वाटणी

त्या हॉटेलात खोल्यांना नंबर नव्हते. प्रत्येक खोलीत एक मोठं चित्र, आणि त्या चित्राचंच नाव खोलीला. सामान आणणाऱ्या माणसाने ‘एकटा मुलगा’ असं कोरलेल्या दारापाशी ताईची बॅग ठेवली आणि तिच्या काखेतली गुंडाळी घ्यायला हात पुढे केला.

“राहू दे, ही असू दे माझ्याकडेच,” ताई म्हणाली आणि तिने गुंडाळी आणखी घट्ट धरली.

धाकट्या भावाने दार उघडलं. समोर भिंतीएवढी काच, काचेपलीकडे समुद्र. पलंगावर इतक्या उशा, की माणसाने झोपायचं कुठे? कोपऱ्यात संगमरवराची एक बाई, तिला डोकंच नव्हतं. एरवी ताईने या सगळ्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं असतं. आज तिची नजर पलंगामागच्या चित्रावर गेली आणि तिथेच अडकली.

फेसात पाय बुडवून उभा असलेला एक लहान मुलगा. उजवा हात बाजूला लांब केलेला. मनगटापाशी कॅनव्हास संपत होता, तिथेच हातही संपत होता.

“चड्डीची लोंबती नाडीसुद्धा बाबांनी सोडली नाही बघ,” धाकटा हसत म्हणाला. “आणि खाली यांनी काय लिहिलंय? चित्रकार अज्ञात! बाबांनी मॅनेजरला उभा-आडवा घेतला असता.”

ताई हसली नाही. बाबा गेल्यावर दोघांनी घर वाटून घेतलं होतं, अगदी चमचे-वाट्यांपर्यंत. शेवटी हे चित्र उरलं, तेव्हा अखंड होतं: मुलगा आणि त्याची मूठ हातात धरलेली आई. दोघंही हट्टाला पेटलेली. मग धाकट्याने पट्टी धरली आणि ताईने कात्री चालवली. मुलगा त्याच्याकडे गेला, आई हिच्याकडे आली. कात्री मुलाच्या मनगटावरून गेली, त्यामुळे त्याची इवलीशी मूठ आईच्या हातात तशीच राहून ताईच्या वाट्याला आली. त्यानंतर भावंडांचं बोलणंच तुटलं.

आणि परवा अचानक त्याचा फोन आला. “आईला घेऊन ये ताई. हॉटेलवाले मुलाचं चित्र परत विकत नाहीत, पण खोली तर देतात. एकदा शेजारी शेजारी लावून बघू.” नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. खरं सांगायलाही रेटली नाही. इतक्या वर्षांनी कुणाच्या लक्षात असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

“आधी चहा सांगू या का?” तिने विचारलं.

“चहा काय पळून जातोय? चढ वर.”

धाकटा चपला काढून पलंगावर उभा राहिलासुद्धा. पोटाचा घेर सांभाळत तो उशांमध्ये तोल सावरू लागला. “आई असती तर पाठीत धपाटा घातला असता,” तो म्हणाला, आणि ताईला वर घ्यायला त्याने हात दिला. तो धरताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुंडाळी उलगडली. वाऱ्याने केस विस्कटलेली आई बाहेर आली. ती हसून बाजूला, खाली बघत होती. धाकट्याने तिला मुलाच्या शेजारी धरलं आणि तो थबकला. मुलाचं मनगट थेट आईच्या कोपराला टेकत होतं. त्याने कापड थोडं मागे घेतलं. आता मध्ये नुसती भिंत; ना आईचा पंजा, ना त्यातली मूठ.

“फ्रेमवाल्याने कापलं,” ताई घाईघाईने म्हणाली. “मापात बसत नव्हतं म्हणे.”

“असेल. हे लोक कुणाचं ऐकतात थोडेच!”

धाकट्याने कापडाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड वेडीवाकडी होती, रागारागाने कापल्यासारखी. त्याच्या ते लक्षात आलंच असणार, तरी तो काही बोलला नाही. ताईलाही तिथेच गप्प बसता आलं असतं. त्याने ते तसंच सोडून दिलं असतं, आणि संध्याकाळी दोघं वाळूत फिरायला गेली असती.

“फ्रेमवाल्याने नाही रे,” ती म्हणाली. “मीच कापलं. वाटणी झाली त्याच दिवशी, घरी गेल्या गेल्या. तुझं काहीसुद्धा माझ्या घरात नको होतं मला.”

“मग ते... ठेवलंयस कुठे?”

“फेकून दिलं. कचऱ्यात.”

धाकट्याने कापड तिच्या हातात दिलं आणि तो मटकन उशांवर बसला. ताईला वाटलं, आता हा ओरडेल. त्याने ओरडावं, असंच तिला वाटत होतं.

“जेवायला बसलो की हा समोर, हात पुढे करून उभा,” तो म्हणाला. “बघवेना, म्हणून विकलं. बायको म्हणाली, लहानपणचे तुम्ही, आणि तुम्हालाच विकताय? मी म्हटलं, अगं, मी कुठे हरवतोय? ताईच्या घरी आईने माझा हात धरून ठेवलाय.”

ताईचा हात जरा सैल झाला की कापडाची ती वाकडी कड पुन्हा आत वळायची, आई गुंडाळली जायची. म्हणून खांदे भरून आले तरी ती दोन्ही तळव्यांनी आईला भिंतीशी दाबून तशीच उभी राहिली.