देवळातला पंखा

"आधी तो पंखो बंद करा! वाऱ्यान कौल फिरतलो!" बाबा देवळात ओरडले.

पंखा पवनचक्कीवाल्या कंपनीने भेट दिलेला. कौल लावायला देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली होती. उजवी पडली तर समुद्रात पवनचक्क्या आणि मला तिथे नोकरी. डावी पडली तर बाबांची मासेमारीची जागा वाचणार आणि मी गाव सोडणार.

पंखा थांबला. पाकळ्या पडेनात. गुरवकाकांनी सगळ्यांना तोंडाला रुमाल बांधायला लावले. कंपनीच्या साहेबांना श्वास घ्यायला बाहेर पाठवलं. तेवढ्यात डावी पाकळी हलली. मी बाबांकडे पाहिलं.

बाबा रुमाल काढून पाया पडायला वाकले आणि त्यांनी उजवीवर हळूच फुंकर मारली. पाकळी पडली.

"हे चालतं?" साहेबांनी दारातून विचारलं.

"गावचो वारो चालता," गुरवकाका म्हणाले.