कुणाची धाकटी

"कोण?" आतून आवाज आला.

"मी," धाकटी म्हणाली आणि कडी निघायची वाट पाहू लागली.

तळ्याकाठच्या या गावात अशीच रीत होती. थाप पडली की आतून 'कोण' यायचं, बाहेरून 'मी' जायचं आणि दार उघडायचं. गाव होतंच एवढंसं. 'मी' म्हटल्यावर माणूसच काय, तो भांडायला आलाय की विरजण मागायला, तेही आवाजावरून कळायचं.

पण ही गल्ली नवी होती. रस्ता इतक्या वर उत्तरेला येऊन पोचला आणि त्याच्यामागून घरं आली, खांबांवर दिवे आले, निळी-पिवळी दारं आली. गाव वाढलं. जुनी घरं मात्र एकेक करून रिकामी झाली. कुणी शहरात गेलं, कुणी त्याहून लांब.

"मी कोण?" आतल्या बाईनं विचारलं.

आता आली का पंचाईत! मी म्हणजे मी. धाकटीनं बूट आपटून बर्फ झाडलं. उत्तरेतला हिवाळा, भर दुपारीच दिवेलागण झाली होती, तळं पार पलीकडपर्यंत गोठलं होतं, आणि ती आली होती काड्यापेटी मागायला. घरात फडताळभर काड्यापेट्या होत्या. पण कितीतरी दिवसांत तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. आज सकाळी ती किटलीला म्हणाली, "उकळ की गं बाई," आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. तेव्हाच तिनं ठरवलं, आज कुणाच्या तरी घरात जाऊन बसायचं. बोलणं नाही झालं तरी चालेल, नुसतं बसायचं. आज परत फिरले तर पुन्हा धीर व्हायचा नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"आज काही नकोय हो आम्हाला," आतून पुन्हा आवाज.

"अगं, मी विकायला नाही आले! मी धाकटी."

"धाकटी? कुणाची धाकटी?"

ती धाकटी सून म्हणून या गावात आली तेव्हापासून धाकटी. आधी सासूची, मग शेजारपाजारची, मग अख्ख्या गावाची. केस पिकले, दात पडले, तरी धाकटीच. कारण भिंतीपलीकडे थोरली जाऊ होती ना! वयानं थोडी मोठी आणि हट्टानं दसपट. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, अशातली गत. सकाळी चुलीच्या धुरावरून भांडण, आणि दुपारी एकीवाचून दुसरीला घास उतरायचा नाही. पानगळ सुरू झाली आणि थोरली झोपेतच गेली. आता गावात हिच्याहून मोठं कुणीच उरलं नव्हतं.

थोरलीची, असं तिच्या ओठांवर आलं. पण थोरली कोण, हे तरी इथं कुणाला माहीत? तिला रडू फुटलं. रागही आला, तोही थोरलीचाच. पुढे जायची एवढी कसली घाई झाली होती मेलीला?

"काही नाही गं," ती डोळे पुसत म्हणाली. "जाते मी."

तेवढ्यात कडी वाजली. साबणानं माखलेले हात अंगापासून लांब धरून एक तरुण बाई दारात उभी होती. तिनं धाकटीचे पांढरे केस पाहिले, थंडीनं लाल झालेलं नाक पाहिलं, आणि ती ओशाळलीच.

"अगंबाई, आजी! एवढ्या गारठ्यात? या, या, आधी आत या बघू."

धाकटी चटकन बाजूला सरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुठल्याही उंबऱ्यावर आधी थोरली, मग धाकटी. उभा जन्म असाच गेला होता.

तरुण बाई थांबली. मग तिनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. गल्ली थेट तळ्यापर्यंत मोकळी होती.

"मागून कुणी येतंय का, आजी?"