नळीतला चीक

टाचणी नळीच्या टोकाच्या छिद्रातून आत गेली, तरी वाफ काही आली नाही. कॉफीच्या मशीनने नुसतीच फुसफुस केली. दूध फेसाळायची नळी थोडं पाणी थुंकली आणि गप्प बसली.

रुपालीने बटण बंद केलं आणि मशीन गार व्हायची वाट पाहत ओट्याला टेकून उभी राहिली. परभणीजवळच्या मानवतमधल्या या घरात तिचं म्हणावं असं हे एकच होतं. पुण्यातली नोकरी सोडून लग्न करून इथे येताना तिने ते मांडीवर घेऊन आणलं होतं. बाकी भांडी, पडदे, जेवायच्या वेळा, सगळं सासूबाईंचं, भिवराबाईंचं. आणि त्यांच्या डोळ्यांत हे मशीन पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "कडू काढा प्यायला एवढं मोठं इंजन," असं त्या येईल-जाईल त्याला ऐकवत.

दिवाळीपासून नळी सारखी तुंबत होती. बोअरच्या पाण्याचा क्षार साचत असेल म्हणून रुपालीने फिल्टरचं पाणी वापरून पाहिलं, लिंबूसत्त्वाचं पाणी आतून फिरवलं. दूध तापवून झालं की क्षणभर वाफ सोडायची आणि ओल्या फडक्याने नळी पुसायची, हे तर ती झोपेतही विसरली नसती. तरी कॉलेजात शिकवून घरी यावं, तर टोकावर वाळलेल्या दुधाचा थर. कॉफीची पूडही भराभर संपायची. तिच्या माघारी कुणीतरी मशीनला हात लावत होतं.

संशय घ्यायला घरात माणसं तरी किती? नवरा अंगद कापसाच्या जिनिंगवर जायचा, तो दिवस मावळल्यावर उगवायचा. सासरे सितारामनाना आडतीवरची मुनिमी संपवून घरी बसले होते, पण त्यांनी उभ्या जन्मात माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेतलं नव्हतं. बैठकीतून "पाणी" म्हणायचं आणि पेला समोर यायचा. हल्ली सकाळी रुपाली कॉफी करत असताना ते दारापाशी घुटमळायचे, तेही पेपर आला का विचारायला. म्हणजे उरल्या भिवराबाई.

नळी गार झाली. रुपालीने टोकाची टोपी पान्याने सैल करून काढली आणि आत काडी फिरवली. पिवळसर, रबरासारखी गुठळी बाहेर आली. तिने ती बोटांत चोळून वास घेतला. दूध वाळून असं होत नाही. हा चीक होता. शेजारच्या सरजाबाईची म्हैस परवाच व्याली होती, तिने खरवसासाठी चरवीभर चीक पाठवला होता आणि चरवी फ्रिजमध्ये होती.

रुपालीच्या डोक्यात तिडीक गेली. चीक तापला की थिजतो, हे जन्मभर खरवसाच्या वड्या पाडणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. ही चुकून घडायची गोष्टच नव्हती. सासूबाईंना एवढा राग असेल तर इथे राहण्यात अर्थ नाही. परभणीत खोली बघायची, अंगदला यायचं तर येईल, असं तिने ती गुठळी हातात धरूनच ठरवून टाकलं.

भिवराबाई मागच्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. रुपालीने त्यांच्यापुढे तळहात धरला.

"आई, मशीनमध्ये चीक कुणी घातला?"

त्यांनी गुठळीकडे पाहिलं. मग मान वळवून बैठकीकडे पाहिलं. तिथे नानांच्या हातात पेपर होता, पण मघापासून त्याचं पान उलटलं नव्हतं.

"मीच घातला," भिवराबाई म्हणाल्या. "खरवस लवकर व्हईल म्हनलं."

"मग कसं चालू केलं ते दाखवा."

त्या आत आल्या. मशीनकडे त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि पाण्याच्या टाकीचं झाकण बटण समजून दाबू लागल्या. नळी केव्हाच गार झाली होती, तरी तिला धरायला त्यांनी पदर हाताभोवती गुंडाळला. रुपालीचा राग जागच्या जागी अडखळला. या बाईने मशीनला आजवर बोटही लावलेलं नव्हतं.

मग तिला रोज संध्याकाळी मोरीपाशी पालथे दिसणारे दोन कप आठवले. फ्रिजमधली चरवी दिसली की ते दूधच असं समजणारं, चीक कशाशी खातात हे ठाऊक नसलेलं माणूस या घरात एकच होतं. ती बैठकीकडे वळली. भिवराबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तू कॉलेजला गेलीस की दुपारी हेच कॉफी करायलेत," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दोघांसाठी. अन् माझ्या हातात आणून देतेत. लगीन झाल्यापासून ह्यांनी मला पान्याचा पेला दिला नव्हता गं." त्यांनी बैठकीकडे पाहिलं. "तुला कळलंय म्हनून त्यायला म्हनू नको. शरम वाटंल त्यांना. पुन्यांदा करायचे न्हाईत."

परभणीची खोली रुपालीच्या मनातून कधी निघून गेली, ते तिलाही कळलं नाही. तिने गुठळी कचऱ्यात टाकली, टोपी नळीवर घट्ट बसवली आणि बटण दाबलं. जरा वेळाने वाफ सरळ, जोरात बाहेर आली.

"आई, नीट ऐका," ती बैठकीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "चरवीत चीक असतो. दूध वरच्या कप्प्यात, पातेल्यात ठेवत जाईन मी. आणि कॉफी झाली की आधी वाफ सोडायची, मग ओल्या फडक्याने नळी पुसायची. फडकं इथे खुंटीला अडकवलंय."