हिला विमानाची भीती वाटते

“इनको बहुत डर लगता है,” बळवंतरावांनी हवाई सुंदरीला सांगितलं आणि खिडकीपाशी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवलं. “दिल्ली उतरने के बाद जरा कॉकपिट दिखा देंगे क्या? पायलट को देख लेंगी तो तसल्ली हो जाएगी.”

“कॅप्टन से पूछती हूँ, अंकल,” ती हसून म्हणाली आणि पुढे गेली.

अलकनंदाबाई शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. भीतीनं माणूस असा गप्प होतो, हे बळवंतरावांना बेचाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

लग्न झाल्या झाल्या त्यांनी हौसेनं श्रीनगरची विमानाची तिकिटं काढली होती. दिल्लीच्या पालम विमानतळावर काचेपलीकडे उभं असलेलं विमान दिसलं, तेव्हा त्यांनी नव्या नवरीला विचारलं, “तुला भीती वाटतेय का गं?” तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “हो.” तिकिटं परत गेली आणि दोघं रेल्वेनं नैनितालला जाऊन आली.

तेव्हापासून रेल्वेच. केंद्र सरकारची नोकरी, विमानाचं भाडं सरकार देणार, तरी हा गृहस्थ सहकुटुंब गुवाहाटीला आगगाडीनं गेला. ऑफिसात चेष्टा व्हायची. “काय करणार, हिला भीती वाटते,” असं ते सांगायचे आणि अलकनंदाबाई शेजारी उभ्या असल्या तर मान डोलवायच्या. बायकोसाठी एवढं कोण करतं, याचा बळवंतरावांना थोडा अभिमानही होता.

पण टोरंटोला रेल्वे जात नाही. तिथं राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, तनयाला, जानेवारीत दिवस भरत होते, आणि तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “बाबा, पुण्याच्या लग्नाहून विमानानं परत या. आईला दोन तास जमले, तर तुमची तिकिटं काढते. नाहीतर सासूबाईंना बोलावते. ऐन वेळी एअरपोर्टवरून परत गेलात तर मी काय करू?”

म्हणजे आजचा प्रवास ही परीक्षा होती. नातवंडाचं पहिलं रडणं ऐकायला मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं. बायकोच्या काळजीनं बळवंतरावांना आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिला झोप लागली, हे देवाचे उपकार.

जयपूरच्या आसपास विमान हादरू लागलं. बळवंतरावांनी बायकोचा हात गच्च धरला. “घाबरू नकोस. मी आहे.”

“तुम्ही आहात म्हणून तर,” अलकनंदाबाई म्हणाल्या आणि पेन डाव्या हातात घेतलं. दोघांपैकी कुणाचा तळवा ओला होता, हे कळायला काही मार्ग नव्हता.

दिल्लीवर राखाडी धुरकं पसरलं होतं. विमान खाली खाली आलं, विमानतळाजवळच्या द्वारका उपनगरातल्या सोसायट्यांची छपरं अंधूक दिसायला लागली, आणि एकदम इंजिनं गरजली. विमान पुन्हा वर निघालं. डोळे मिटून बळवंतराव रामरक्षा पुटपुटू लागले, अर्थात तिच्यासाठी.

“काही नाही हो,” अलकनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. “धावपट्टी दिसली नसेल. एक फेरी मारून परत येईल. शहाणा पायलट असंच करतो.”

बिचारी स्वतःचीच समजूत घालतेय, असं बळवंतरावांना वाटलं आणि त्यांच्या मनात तिच्याबद्दल माया दाटून आली.

दुसऱ्या खेपेला विमान टेकलं. लोक उतरून गेल्यावर त्या हवाई सुंदरीनं दोघांना पुढे नेलं. डावीकडच्या खुर्चीतून एक तिशीची मुलगी उठली. तिच्या खांद्यावर चार पट्ट्या होत्या.

“या ना आजी. मी कॅप्टन देवयानी. नाव ऐकलं तेव्हाच म्हटलं, आपली माणसं.” तिनं आपली खुर्ची पुढं केली. “बसा. अगदी बिनधास्त. इंजिनं बंद आहेत. आजोबा, तुम्हीही आत या.”

“नको, नको. हिलाच बघू दे,” बळवंतराव म्हणाले. ते दाराची चौकट धरून उंबऱ्याबाहेरच थांबले. आत जागाही कमी होती.

अलकनंदाबाईंनी पदर खोचला आणि त्या खुर्चीत बसल्या. काही क्षण त्यांनी हात मांडीवरच ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांची भीती अशी डोळ्यांवाटे निघून जातेय हे बघून बळवंतरावांनीही एका हातानं डोळे पुसले.

“मग?” त्यांनी हळूच विचारलं. “आता धीर आला ना? टोरंटोला जायचं ना?”

“जायचं की,” अलकनंदाबाई म्हणाल्या.

बळवंतरावांनी मोठा श्वास सोडला. बायकोला अखेर जमलं होतं. तनयाला कधी एकदा फोन करतो, असं त्यांना झालं.

देवयानी मात्र अलकनंदाबाईंच्या पायांकडे पाहत होती. चपला काढून त्यांनी दोन्ही पाय खालच्या पेडलांवर अलगद टेकवले होते. डाव्या हाताची तीन बोटं विमान वळवायच्या दांड्यावर होती, पकड अगदी सैल. नजर समोरच्या पडद्यांवर नव्हतीच. ती काचेबाहेर, लांब, जिथं धुरक्यात जमीन संपत होती तिथं लागली होती.

“आजी,” तिनं हलक्या आवाजात विचारलं, “इथं येणारे सगळे आधी बटणं बघतात. तुम्ही बाहेर बघताय. हे कुठं शिकलात?”

अलकनंदाबाईंनी मागं वळून दाराची चौकट घट्ट धरलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

“सफदरजंगच्या फ्लाइंग क्लबात,” त्या म्हणाल्या. “एकटीनं उडवलंय, सदतीस वेळा. लग्नाच्या आदल्या महिन्यापर्यंत.”