उसनी चाल

पक्षाघातानंतर दिनकर सामंत चालणंच विसरले होते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी एका मृत दात्याची चाल त्यांच्या मेंदूत उतरवली. आता फिजिओथेरपी सहायक शबाना त्यांच्या कमरेचा पट्टा धरून त्यांना व्हरांड्यात चालवत होती.

"आजोबा, डावा पाय बाहेर फेकू नका. खुबा दुखावेल."

"मी कुठं फेकतोय? तो आपोआपच जातो."

गुडघ्याच्या व्यायामासाठी आलेल्या मालिनी गद्रे बाकावर बसल्या होत्या. त्या एकटक सामंतांच्या पायांकडे बघत होत्या.

"माझा केदार अस्साच चालायचा," त्या म्हणाल्या. "अपघातात गेला. त्याचं सगळं दान केलं आम्ही."

शबानानं सामंतांना थांबवलं. ती लकब मोडणं हेच तर तिचं काम होतं.

"आजचा दिवस राहू दे ना गं," मालिनीबाई म्हणाल्या.

सामंत दमले होते. तरी ते वळले, पाय तसाच फेकत खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. मालिनीबाई पापणीही न हलवता बघत राहिल्या.

"आता शिकव त्यांना नीट चालायला," त्या शबानाला म्हणाल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.