अकरा नंबर

“दोन,” प्राध्यापकांची बायको म्हणाली.

सिस्टरने खाटेच्या पायाशी अडकवलेल्या तक्त्यावर दोन लिहिलं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. गुडघा बदलून दोन दिवस झाले होते. अर्ध्या तासात व्यायाम घेणाऱ्या बाई येणार होत्या, आणि आज गुडघा वाकला नाही तर तो पुढे आखडूनच राहील, असं सर्जनने सकाळी बजावलं होतं.

“दोन म्हणजे साधी गोळी पुरे,” सिस्टर म्हणाली. “सरांचाच नियम आहे.”

खुर्चीतले प्राध्यापक सुखावले. नियम खरंच त्यांचा होता. दुखणं मोजायचं यंत्र नाही, ज्याचं दुखतं त्याने सांगितलेला आकडाच खरा, हे त्यांनी आयुष्यभर वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं होतं. मांडीवर त्यांच्या छापून आलेल्या एकशे चौदा लेखांची यादी होती. एका नियतकालिकाने त्यांच्याकडून स्वतःच्याच संशोधनाचा मागोवा मागवला होता आणि गेले दोन दिवस ते या खोलीत बसून तो रेटत होते. रेटत कसले, पहिल्याच लेखाशी गाडी अडली होती. तिथून पुढे सरकायचं त्यांच्या जिवावर येत होतं.

पहिला लेख म्हणजे तळघरातली खोली, बर्फाच्या पाण्याची बादली आणि वीस विद्यार्थी. एकेकाने हात मनगटापर्यंत बुडवायचा आणि दर पंधरा सेकंदांनी आकडा सांगायचा. सात म्हटलं की खेळ संपला. हात बाहेर, टॉवेल हातात, पुढच्याला हाक. भल्याभल्यांची मिनिटभरात भंबेरी उडायची. अकरा नंबरची मुलगी मात्र पूर्ण तीन मिनिटं हात बुडवून बसली आणि दर वेळी शांतपणे दोन म्हणाली. तरुण संशोधक चक्रावला. त्याने तिला परत बोलावलं, मग आणखी एकदा बोलावलं. सहाव्या खेपेला बादली बाजूला सारून त्याने चहाचं विचारलं.

लेखात अकरा नंबरला स्वतंत्र परिच्छेद मिळाला. काही माणसांचा मेंदू इतकं दुखणं आतल्या आत कसा दाबतो, हे शोधण्यात पुढचे एकशे तेरा लेख गेले. लग्नानंतर घरातही ती अकरा नंबरच राहिली. बाळंतपणातसुद्धा तिने दोनच सांगितलं होतं, आणि प्राध्यापक ते पेढे वाटावेत तसं सगळ्यांना सांगत फिरले होते. परवा या वॉर्डातही सांगून झालं होतं.

ते दिवस आठवले की त्यांना अजून भरून यायचं. ती खोली डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी होती. गळका नळ, भिंतीवरचं मोठ्या काट्यांचं घड्याळ, दाराशी काढलेल्या तिच्या चपला. स्टुलाखाली तिच्या पायाची बोटं घट्ट मुडपलेली असायची. फरशी गार लागत असेल, असं त्यांनी तेव्हा धरून चाललं होतं. वहीच्या समासात लिहूनही ठेवलं होतं, अकरा नंबर पाय आखडते, सतरंजी घालावी. लेखात ते आलं नाही. तक्त्यात पायाला रकाना नव्हता.

प्राध्यापकांनी यादी बाजूला ठेवली. ते उठले आणि त्यांनी चादरीचं टोक उचललं.

दोन्ही पायांची बोटं तळव्याकडे घट्ट मुडपलेली होती. इथली फरशी तिच्यापासून चांगली दोन हात खाली होती.

ते सिस्टरला म्हणाले, दोन खोडा आणि आठ लिहा. सिस्टर गोंधळली. पेशंट सांगेल तेच लिहायचं असं आम्हाला शिकवलंय, ती म्हणाली. ते शिकवणाऱ्यांत प्राध्यापकच सगळ्यात पुढे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

तिने नजर छताकडे वळवली.

“आठ लिहा,” ती सिस्टरला म्हणाली. “साडेआठ असतं का?”

मग धावपळ झाली. ड्यूटीवरचे डॉक्टर आले, त्यांनी सलाइनमधून औषध दिलं. व्यायामाच्या बाईंना तासाभराने यायला सांगितलं. सिस्टर आकडा खोडून, खाली सही करून निघून गेली, आणि खोलीत पुन्हा दोघंच उरले. प्राध्यापक खाटेच्या पायाशी बसले. बोटं सैल व्हायला लागली होती. आपण इतकी वर्षं या बाईला फक्त आकडाच विचारत आलो, याची त्यांना लाज वाटली.

“या दोन दिवसांत खोटं का बोललीस?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासमोर दुसरा आकडा तोंडात येतच नाही.”

“आणि तेव्हा? तळघरात?”

तिने डोळे मिटले होते. “नऊ,” ती म्हणाली. “पहिल्या अर्ध्या मिनिटातच.”

प्राध्यापकांनी यादी उचलली. पहिल्या लेखाखाली एकशे तेरा लेख ओळीने उभे होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“अगं, मग सांगायचं नाही का?” आवाजात राग आणायचा त्यांचा विचार होता, पण तो काही जमला नाही.

“कसं सांगणार?” ती झोपेच्या काठावरून म्हणाली. “सातला तुम्ही बारा नंबरला हाक मारायचात.”