तीन, चार आणि आठ

मुलांनी घरून पाठवलेल्या उत्तरांसमोर पडद्यावर एकोणचाळीस हिरव्या खुणा उमटल्या आणि एक लाल. मुख्याध्यापक खूश झाले. गणिताच्या बाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. मुलांनी घरी व्हिडिओ बघायचा आणि वर्गात येऊन वाद घालायचा, हा त्यांचा प्रयोग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते आज ठरणार होतं. अशाने मुलं विचार करायला लागतात, असं त्या दोन महिने घसा कोरडा करून सांगत होत्या.

"लाल कोणाची?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

शिंप्याची मुलगी उभी राहिली.

"त्रिकोणाच्या बाजू तीन, चार, आठ. परिमिती काढायची. नुसती बेरीज गं! कोरं का सोडलंस?"

"सर, असा त्रिकोण होतच नाही."

तिने दप्तरातून कापडाच्या तीन पट्ट्या काढून बाकावर मांडल्या. आठची खाली, तिच्या दोन टोकांना तीनची आणि चारची. वर दोघींची गाठच पडेना.

"व्हिडिओ तीनदा बघितला. मग बाबांना म्हटलं, जोडून द्या. ते म्हणाले, कापड कमी पडतंय, बाईंना विचार."

वर्ग खो खो हसला. बाईंनी पडद्यावरचं गणित पुन्हा वाचलं. पाचच्या जागी आठ त्यांनीच टाइप केलं होतं आणि तपासणाऱ्या यंत्राने निमूटपणे पंधरा हे उत्तर बरोबर धरलं होतं. आता गप्प बसलं तर एकोणचाळीस खुणा पदरात होत्या.

"चूक माझी आहे, सर," त्या म्हणाल्या. "आठ माझ्याच हातून पडलंय."

"म्हणजे बाकीच्या एकोणचाळीस जणांनी..."

"नसलेल्या त्रिकोणाची बेरीज केली."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. त्यांनी बाकावरच्या पट्ट्या उचलून दोनदा ताणून पाहिल्या. "मग आठच्या जागी किती हवं?"

बाईंच्या जिभेवर पाच आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"सहा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"साडेसहासुद्धा चालेल!"

"सातच्या आत काहीही!"

"काहीही कसं?" शिंप्याची मुलगी उसळली. "एक घेतलं तर नुसती घडी पडेल."

एकच गलका झाला. कोणी वहीचं पान फाडलं, कोणी पट्टी शोधू लागलं. बाईंना इतका आनंद झाला की रागवायचं भानच राहिलं नाही.

मुख्याध्यापक बाकावर टेकले. "कात्री द्या रे कोणीतरी," ते म्हणाले, आणि मान वर न करताच पुढे म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यातही अशी एखादी चूक करा."